मोठ्या पट्ट्याची जाळी

मला मॅनेजर केलं त्या दिवशी मालकांनी स्वतःच्या हातानं मला चहाची कपबशी दिली. इतकी वर्षं त्यांच्याकडे राबलो, पण त्यांच्या हातून माझ्या हातात कपबशी कधी आली नव्हती. मन तिथंच चुकचुकलं. हमालाशी एका गोणीवरून तासभर हुज्जत घालणारा माणूस फुकटात मान देत नाही. तरी मी चहा प्यालो. फाटकावरच्या पाटीवर पेंटरनं माझं नाव लिहिलं, त्याच्यापुढं 'मॅनेजर' लिहिलं, आणि बायकोनं गल्लीत पेढे वाटले.

आमची जमीन येलदरीच्या धरणात गेली. वडील मजुरीला लागले आणि मी मिसरूड फुटायच्या आधी या जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहायला आलो. शिक्षण म्हणाल तर भांडण. गाडीवाल्यांशी भांडलो, मुकादमाशी भांडलो, पट्टे विकणाऱ्या व्यापाऱ्यांशी भांडलो, आणि प्रत्येक भांडणातून थोडं वर चढलो. लोक म्हणत, याच्या नाकावर राग असतो. असू द्या. राग नसता तर मी अजून ओझीच वाहत असतो.

जिनिंग गावाबाहेर, रेल्वेलाईनला लागून होती. ज्यांनी जिनिंग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: कापसातून सरकी वेगळी काढायच्या यंत्राला आम्ही रेचा म्हणतो. लांबलचक शेडमध्ये रेच्यांच्या दोन रांगा. बायका वरून कापूस घालणार, पुढून रुई निघणार, खाली सरकी पडणार. सगळे रेचे एकाच मोठ्या मोटारीवर चालत. मोटारीपासून शेडच्या टोकाच्या चाकापर्यंत वीतभर रुंद चामडी पट्टा फिरायचा. त्याला आम्ही मोठा पट्टा म्हणायचो. तो चालू असला की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे, आणि कापसाची भुकटी हवेत अशी भरलेली असे की संध्याकाळी प्रत्येकाच्या भुवया पिकलेल्या दिसत.

पाटी लागून महिना झाला नसेल, औरंगाबादहून फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. माणूस किरकोळ, चष्मा दोरीनं बांधलेला. सगळी शेड हिंडला, मोठ्या पट्ट्यापाशी थांबला आणि मला म्हणाला, "मॅनेजर तुम्ही?"

"हो साहेब."

"इथं बाई सापडली तर कोर्टात कोण उभं राहील, माहीत आहे?"

मी मालकांकडे पाहिलं. मालक रुईकडे पाहत होते.

"मालक आणि मॅनेजर," इन्स्पेक्टर म्हणाला. "कायद्याला दोन माना लागतात. एक मालकाची, एक तुमची."

तेव्हा मला त्या कपबशीचा अर्थ कळला. आधीच्या हंगामात शेडला आग लागून एक हमाल भाजला होता, त्यात मालकांना कोर्टाचे बरेच हेलपाटे झाले होते. पुढच्या वेळी दुसऱ्याची मान असावी म्हणून माझं नाव पाटीवर चढलं होतं. मालक शेवटपर्यंत म्हणत राहिले की असं काही त्यांच्या मनातही नव्हतं. मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही.

पण नुसतं चिडून सौदा होत नाही. मी ऐन हंगामाची वाट पाहिली. फाटकाबाहेर सरकारी खरेदीच्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली, रुई दाबून बांधायच्या प्रेसमध्ये गठाणी तुंबल्या, आणि मग मी मालकांना म्हणालो, "पाटीवरचं नाव पुसा, मी उद्यापासून येत न्हाई. न्हाईतर मी सांगतो ते करा."

"काय पाहिजे तुला?"

"मोठ्या पट्ट्याला जाळी. शेडच्या चारी कोपऱ्यांत वाळूच्या बादल्या. फाटकावर बिडी-काडी काढून ठेवायची. आणि बायकांनी पदर कमरेला खोचल्याशिवाय आत पाऊल टाकायचं न्हाई."

"बायकांचे पदर मी सांभाळू का आता?"

"तुमी नका सांभाळू. मी सांभाळतो. जाळी तेवढी द्या."

जाळी मिळाली. ती आमच्या फिटरनं बनवली. फिटर चुडाव्याकडचा, रोज पॅसेंजरनं यायचा. पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये हंगामी कामं करून हात बसलेला. घर बौद्ध. त्यानं लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, तिच्यावर तार विणली आणि चौकटीचे पाय फरशीत बोल्टनं पक्के केले. काम नामी होतं. जीभ मात्र पान्यापेक्षा कडक. पाटी लागल्यापासून मला 'भाऊ' म्हणायचं सोडून 'मॅनेजरसाहेब' म्हणायला लागला होता, आणि त्यातलं 'साहेब' असं ओढायचा की मला ते शिवीसारखं लागे.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. हॉटेलात पेपर वाचणारा माणूस कोणाच्या बाजूचा आहे हे तो पेपर कुठं घडी घालतो यावरून लोक ओळखायचे. फिटर आत आला की बोलणी बंद व्हायची. शेडमध्ये पाण्याचा रांजण एकच, सगळ्यांसाठी, असं मालक कुणाही पाहुण्याला अभिमानानं सांगत. पण फिटर पाणी घरून बाटलीत आणायचा. का आणतो हे त्याला कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मी काही सुधारक नव्हतो. त्यानं मोर्चासाठी रजा मागितली की मी त्याच्यावर खेकसायचो, आणि हा माझ्या पाठीमागं काय बोलत असेल याचा विचार करायचो. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार.

आता मूळ गोष्ट. खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असे. सगळ्या रेच्यांना झेंडूच्या माळा, आणि मुख्य पूजा मोठ्या पट्ट्याच्या चाकाची. ती मालकांच्या आई करायच्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. हळदीकुंकू लोखंडाला लागलं पाहिजे, तारेच्या जाळीला लावून भागत नाही, म्हणून तेवढ्यापुरती जाळी काढत. चाकाच्या पायाशी गव्हाची रास, तिच्यावर कलश, कलशावर नारळ. एकदा मांडलेली पूजा ज्यानं मांडली त्यानंच अक्षता टाकून हलवायची, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मोठ्या बाई दसऱ्याच्या सकाळी येत, पूजा हलवत, आणि फिटर लगेच जाळी बसवत असे. त्यानंतर मशीनचा मुहूर्त. आधीची वर्षं हे सुरळीत झालं होतं.

त्या वर्षी मी पट्टे आणायला हैदराबादला गेलो होतो. दसरा तिकडंच झाला. परत आलो आणि स्टेशनबाहेर टांगेवाला म्हणाला, "मॅनेजर, तुमच्या जिनिंगात सकाळी बाई पट्ट्यात गेली म्हणं."

"मेली का?"

"परभणीला नेली. हात गेला म्हणायलेत."

मी पट्ट्यांचं बंडल टांग्यातच विसरलो.

शेड बंद होती. बायका लिंबाखाली बसल्या होत्या. फिटर एकटाच कापूस तोलायच्या काट्याच्या फळीवर बसला होता. आणि मोठ्या पट्ट्याची जाळी भिंतीला टेकून उभी होती.

मालक कचेरीच्या ओट्यावर आले. त्यांनी मला प्रवास कसा झाला हेही विचारलं नाही. म्हणाले, "फिटरनं तेल द्यायला जाळी काढली, ती लावलीच न्हाई. सरळ मामला हाय. इन्स्पेक्टर येणार हाय, तुलाबी हेच सांगायचंय."

मला खरं वाटलं. खोटं कशाला सांगू. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आधीच किल्मिष होतं, त्यात समोर जाळी भिंतीला टेकलेली. मी तसाच काट्याकडे गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तो ऐकत राहिला. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाला, "झालं? आता ती जाळी घ्या आणि लावून दाखवा."

"मी कशाला लावू? ते तुझं काम."

"लावू नका. नुसती जाग्यावर ठेवून बघा, मॅनेजरसाहेब."

त्याच्या आवाजात असं काही होतं की मी रागारागातच शेडमध्ये गेलो. मोटार बंद असली तरी त्या चाकाजवळ जाताना अंग आक्रसत होतं. फरशीवर काळा डाग धुऊन काढला होता, पण नीट निघाला नव्हता. मी जाळीचे पाय जिथं बसतात तिथं वाकून पाहिलं. सगळ्या फरशीवर कापसाच्या भुकटीचा आणि तेलाचा थर होता, आणि मधोमध एक गोल, ताटाएवढा, स्वच्छ. कडेला तेलात चिकटलेले गव्हाचे दाणे. जाळीच्या पायाची दोन भोकं बरोबर त्या गोलात येत होती.

तिथं कलश होता. सकाळपर्यंत होता, नाहीतर भुकटी त्या जागेवरही बसली असती. आणि कलश असताना ती जाळी तिथं बसूच शकत नव्हती. फिटरनंच काय, कुणीही बसवू शकलं नसतं.

मी परत काट्याकडे गेलो. या वेळी त्याच्या शेजारी बसलो.

"मशीन कुणी चालू केलं?"

"मालकानं. स्वतःच्या हातानं. मुहूर्त होता."

"आणि पूजा?"

"मोठ्या बाई दसऱ्याच्या पहाटंच माहूरला गेल्या. सांगून गेल्या, मी आल्याशिवाय कलश हलवायचा न्हाई. इकडं गाड्यांची ही रांग. मी म्हणलं, जाळीबिगर पट्टा फिरवू नका. मालक म्हणले, एक-दोन दिवसानं काय होतंय. मी म्हणलं, मग सरका, मी हलवतो कलश." त्यानं शेडकडे बोट दाखवलं. "सगळी शेड माझ्याकडं बघायला लागली. कशी बघायला लागली ते तुमाला सांगायची गरज न्हाई. मी पाना खाली ठेवला."

"आणि बाई कशी सापडली?"

"पाया पडताना."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. कलश तिथं असल्यामुळं कामावर येणारी प्रत्येक बाई आधी चाकापाशी जाऊन पाया पडत होती. एरवी ज्या जागेच्या जवळपासही कुणी फिरकू नये म्हणून मी घसा कोरडा करायचो, तिथं सगळ्या रांगेनं वाकत होत्या. आणि देवापुढं जायचं म्हणून कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेत होत्या. त्या बाईचा पदर वाकताना पट्ट्यात गेला.

मी नंतर पुष्कळ कारखान्यांतले अपघात ऐकले. दर वेळी लोक विचारतात की त्या क्षणी काय झालं. त्या क्षणी काही होत नसतं. जे व्हायचं ते आधी, कुणाला तरी 'एक-दोन दिवसानं काय होतंय' म्हटलं जातं तेव्हा होऊन गेलेलं असतं.

मी लिंबाखाली गेलो आणि बायकांना विचारलं, "कलश तिथं होता का न्हाई?"

"आमी सरकीकडं बघत होतो, दादा," एक म्हणाली.

"पाया तर पडलाव ना?"

"देवाच्या पाया पडलं तर गुन्हा हाय का?"

एक म्हातारा हमाल मला बाजूला घेऊन गेला. "पूजेचं नाव कामून घ्यायलाव? देवीच्या पायाशी बाई सापडली म्हणलं तर गावाला काय वाटंल? गेलं ते गेलं. फिटर काय, दुसरीकडं लागंल कामाला."

दुसरीकडं लागेल. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, कारण त्याला सगळं माहीत होतं आणि त्यानं हिशेब करून ठेवला होता. ज्याच्यामागं गावात कुणी उभं राहणार नाही असा माणूस सगळ्यांनी मिळून निवडला होता, न बोलता. आणि बोलणं बाहेर पडायला सुरुवातही झाली होती. संध्याकाळी हॉटेलात मी कानांनी ऐकलं: त्यानं मुद्दाम जाळी काढली. त्या लोकांना पूजा खपत न्हाई. असं एकदा बसलं की नुसती नोकरी जात नाही. त्या दिवसांत असल्या बोलण्यानं वस्तीपर्यंत काय काय पोचलं होतं, ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. बाईचा हात खांद्यापर्यंत बांधलेला होता, डोक्याचे केस एका बाजूनं उपटले गेले होते. मला पाहताच तिच्या नवऱ्यानं तिचा चांगला हात चादरीखाली दडवला.

"कागदावर अंगठा घ्यायला आलाव का?"

"न्हाई. बघायला आलो."

"काल मालकाचा माणूसबी बघायलाच आला होता."

मी त्याला दोन्ही हात दाखवले, रिकामे. तरी त्यानं चादर सोडली नाही. मला त्याचं बरं वाटलं. निदान एक माणूस तरी योग्य जागी संशय घेत होता. मी बाईला विचारलं की काय झालं होतं. तिनं नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "देवी जीव नेणार होती, हातावर भागवलं."

ती यापुढं बोलणार नव्हती. कोर्टात तर नाहीच.

परत आलो तेव्हा मालक कचेरीत माझी वाट पाहत होते, कोपऱ्यात तो कलश तसाच उचलून ठेवलेला. या वेळी कपबशी नव्हती, मिठाईचा पुडा होता. म्हणाले, "सोनपेठला नवी जिनिंग टाकायचा विचार हाय. तिकडं मला आपला माणूस पाहिजे. सगळं तुझ्या हाताखाली."

"आणि फिटर?"

"त्याची फिकीर तू कामून करायलास? तो तुझा कोण?"

"कुणी न्हाई. पण जाळी तेलासाठी काढली न्हाई, मालक. पूजेसाठी काढली."

"पूजा माझ्या आईची होती," ते शांतपणे म्हणाले. "तू माझ्या आईला कोर्टात वढणार? आणि हे बघ, पाटीवर नाव तुझं हाय. मॅनेजर गैरहजर, मशीन चालू. तूच सांग, इन्स्पेक्टर आधी कुणाला धरंल? फिटरनं केलं म्हणलं तर तू सुटतोस, मी सुटतो."

सौदा चांगला होता. इतका चांगला की माझा संशय बळावला. मला सोनपेठ दाखवणारा माणूस, उद्या फिटर मध्ये नसला तर मलाच पुढं ढकलणार, हे मला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर राग वेगळाच होता. ती जाळी मी भांडून मिळवली होती. या जिनिंगमध्ये माझं म्हणावं असं काही असेल तर ती जाळी. आणि तीच आता एका माणसाच्या गळ्यात अडकवायला निघाले होते.

मी पुडा घेतला. सौद्यात नाही म्हणायची घाई करू नये. घरी जाताना गुंता सोडवत राहिलो. मी उठून खरं बोललो तर काय होईल? इन्स्पेक्टर म्हणेल, मॅनेजर स्वतःची मान सोडवायला मालकावर ढकलतोय. फिटर बोलला तर म्हणतील, स्वतःची मान सोडवतोय. कामगार बोलणार नाहीत. जिच्या बोलण्यावर कुणाला शंका घेता येणार नाही आणि जिला स्वतःला लपवायचं काही नाही, अशी एकच व्यक्ती होती.

मोठ्या बाई माहूरहून परतल्या त्याच दिवशी मी प्रसाद घ्यायला वाड्यावर गेलो. त्या ओसरीत बसल्या होत्या, थकलेल्या.

"फिटरचं ऐकलं," त्या म्हणाल्या. "बाईचा हात गेला म्हणं. लय वाईट झालं."

"हाव. आणखी एक राहिलंय, बाई. तुमची पूजा हलवायची राहिलीय."

त्या सरळ बसल्या. "म्हंजे?"

"कलश कुणी तरी तसाच उचलून कचेरीत नेऊन ठेवलाय. अक्षता न्हाई, काही न्हाई. त्याच्यावर मशीन कसं चालवावं, तुमीच सांगा."

"माझ्या मांडलेल्या पूजेला हात कुणी लावला?"

"मी गावात नव्हतो, बाई. उद्या सकाळी तुमी आलात तर बरं होईल."

उद्या सकाळी इन्स्पेक्टर येणार होता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

इन्स्पेक्टर आला, तोच दोरीच्या चष्म्याचा. मालकांनी शेडमध्ये खुर्ची मांडून दिली. फिटरला समोर उभं केलं होतं. मालक सांगत होते: जाळी असताना यानं तेलासाठी काढली, निष्काळजीपणा केला, सगळे साक्षीदार आहेत. इन्स्पेक्टर माझ्याकडे वळणार इतक्यात रिक्षा थांबली आणि मोठ्या बाई आल्या. हातात तबक, तबकात हळदीकुंकू, अक्षता, दही. मालक उठले. "आई, आत्ता नको, साहेब आलेत."

"येऊ दे की. माझं दोन मिनिटाचं काम हाय." त्या चाकापाशी गेल्या. फरशीवरचा गोल त्यांना लगेच दिसला. "कलश इथून कुणी उचलला?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मी सांगून गेले होते ना, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई म्हणून?"

इन्स्पेक्टर खुर्चीतून उठला. "आई, कलश इथं होता? याच जागेवर?"

"दर साली इथंच असतो."

"मग जाळी?"

"पूजा असल्यावर जाळी कशी बसंल, साहेब? पूजा हलवल्यावर जाळी, मग मशीन. अशीच रीत हाय." त्या मुलाकडे वळल्या आणि बोलता बोलता थांबल्या. भिंतीला टेकलेली जाळी त्यांनी पाहिली. धुतलेला डाग पाहिला. शेडमधल्या बायकांच्या खाली घातलेल्या माना पाहिल्या. मला वाटतं त्यांना सगळं तेव्हा कळलं, कारण त्यांचा आवाज बदलला. "मी नसताना मशीन चालू केलं व्हय रे?"

मालक खुर्चीमागं सरकले.

इन्स्पेक्टरनं मला विचारलं. मी फरशीवरचा गोल, गव्हाचे दाणे, बोल्टची भोकं दाखवली. एवढंच. बाकी काही बोलायची गरज उरली नव्हती.

मोठ्या बाईंनी कचेरीतला कलश मागवला, जागेवर ठेवला, अक्षता टाकल्या, दही घातलं आणि स्वतःच उचलला. मग म्हणाल्या, "आता लावा जाळी."

फिटर हलला नाही. "मी हात लावलेला चालंल का, बाई?"

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून 'हो' निघालं नाही. पण त्या कलश घेऊन बाजूला झाल्या आणि जागा मोकळी केली. फिटरनं पाना उचलला.

त्याच्यावरचं बालंट गेलं. हॉटेलातली बोलणीही दोन दिवसांत विरली, कारण मोठ्या बाईंच्या तोंडून निघालेलं खोटं पाडायची कुणाची छाती नव्हती. परभणीच्या कोर्टात मालक आणि मी शेजारी शेजारी उभे राहिलो आणि दोघांनाही दंड झाला. कायद्याच्या दोन माना. बाईला भरपाई मिळाली, पण पुष्कळ खेपा घालून, आणि हात कायमचा आखडला. हंगाम संपायच्या आत मालकांनी मला काढलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुला ठाऊक हाय."

निघताना वाड्यावर गेलो. मोठ्या बाई दारापर्यंत आल्या, आत बोलावलं नाही. म्हणाल्या, "साहेब येणार हे सांगून नेलं असतंस, तरी मी आले असते."

मला ते खरं वाटत नाही. कोणती आई आली असती? पण त्या तसं म्हणाल्या आणि मी काही बोलू शकलो नाही, याचा मला अजून राग आहे.

पुढं मी पट्टे आणि पुल्या विकायचं दुकान टाकलं. मोठा पट्टा मागायला आलेल्याला जाळी घेतल्याशिवाय पट्टा देत नसे. लोक म्हणत, हा जाळीवर कमावतो. मी भांडायचो, पण पट्टा द्यायचो नाही.

फिटर त्या जिनिंगमध्ये बरीच वर्षं राहिला. एकदा पूर्णेच्या फलाटावर भेटला, चुडाव्याच्या गाडीची वाट बघत. इकडचं तिकडचं झालं. मग तो बरोबरच्या माणसाला म्हणाला, "आमच्या जिनिंगात माझ्यावर बालंट आलं होतं. मोठ्या बाई ऐन वेळेला आल्या म्हणून वाचलो."

माझं डोकं फिरलं. "ऐन वेळेला? त्या आपण होऊन आल्या असं वाटतंय तुला? त्यांना बोलावलं कुणी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मला वाटलं, आता तरी काही चांगलं बोलेल.

"मग तुमी स्वतः कामून न्हाई बोललात?"

मी त्याला समजावून सांगितलं. माझ्या बोलण्याला कुणी किंमत दिली नसती, पाटीवर माझंच नाव होतं, सगळे म्हणाले असते मान सोडवतोय. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे.

"हाव," तो म्हणाला. "माझंबी तेच होतं. पण मी कलश हलवतो म्हणालो होतो."

गाडी आली आणि तो चढला.